'गाढवाचं लग्न': आबांचं आणि आज्जीचं

मागच्या शुक्रवारची गोष्ट. रिलीज वेळेत गेलं, प्रॉडक्शनला काही पेटलं नाही, त्यामुळे ऑफिसातली पाच-सहा टाळकी माझ्या फ्लॅटवर येऊन पडली होती. वडापाव संपले, गप्पा संपल्या आणि कुणीतरी लॅपटॉप टीव्हीला जोडून 'गाढवाचं लग्न' लावला. तोच तो, २००७ च्या सुमाराला आलेला, राजू फुलकरांनी दिग्दर्शित केलेला, मकरंद अनासपुरेचा. अर्ध्या तासात सिनेमा बाजूला राहिला आणि आमचंच लागलं. (लग्न नव्हे, भांडण.)

कोथरूडचा मित्र म्हणाला, "नाटकाची सर नाही रे याला." त्याने लहानपणी वडिलांबरोबर मोहन जोशी आणि सविता मालपेकरांचं रंगमंचावरचं 'गाढवाचं लग्न' पाहिलंय. तेव्हापासून सिनेमाचं नाव निघालं की हे वाक्य ठरलेलं. लातूरचा रूममेट लगेच तापला. "तुला काय कळणार! आमच्याकडची भाषा बोलणारा माणूस पडद्यावर हिरो झाला, नोकराचं काम नाही केलं त्याने. आम्हाला तेवढं पुरे आहे." टीममधली एक मैत्रीण इतका वेळ मोबाईलमध्ये होती. ती मान वर करून म्हणाली, "नवरा-बायको एकमेकांचा उद्धार करतायत, यात विनोद काय आहे? आमच्या सोसायटीत रोज फुकट ऐकते मी."

तीन माणसं, तीन मतं, आणि तिघांनाही स्वतःचं मत शंभर टक्के पटलेलं. मी मात्र गप्प. एरवी मी असा गप्प बसणाऱ्यातला नाही. पण हा सिनेमा मी पहिल्यांदा दहा-अकरा वर्षांचा असताना गणपतीच्या मांडवात पाहिलाय, आणि त्याबद्दल काही बोलायचं तर आधी घरी विचारायला हवं असं उगाच वाटलं. शनिवारी सकाळी गाडी पकडली.

घर म्हणजे शिरूर कासार. बीड जिल्हा. हे सांगावं लागतं, कारण पुण्यात 'शिरूर' म्हटलं की लोक "अरे वा, जवळच की, रांजणगावच्या पुढे" म्हणतात. ते शिरूर वाटेत लागतं. तिथे उतरायचं नसतं. तिथून नगर आणि नगरवरून अजून बरंच पुढे गेलं की सिंदफणेच्या काठी आमचं गाव. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची हजारो माणसं ऊसतोडीला निघून जातात आणि वाड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी उरतात. आमचे आबा (आजोबा) आणि आज्जी मात्र आता बारा महिने घरीच असतात. दोघांची मिळून दीडशेच्या वर वर्षं आणि एक टीव्ही.

पुढे जाण्याआधी, ज्यांना गोष्टच माहीत नाही (असेही मराठी लोक भेटतात हल्ली) त्यांच्यासाठी: सावळा कुंभार आणि त्याची बायको गंगी. दारिद्र्य पाचवीला पुजलेलं, आणि तोंडं दोघांचीही सारखीच चालणारी. सावळ्याकडचं गाढव म्हणजे खरं तर इंद्राच्या शापाने गाढव झालेला गंधर्व. राजकन्येशी लग्न लागलं की शाप सुटणार. म्हणून हा कुंभार आपल्या गाढवासाठी राजाकडे त्याची मुलगी मागायला जातो! मूळ वग हरिभाऊ वडगावकरांचा आणि तो गाजवला दादू इंदुरीकरांनी. तमाशातल्या कामगिरीसाठी १९७३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८० मध्ये ते गेले. पुढे प्रकाश इनामदारांनी सावळा केला, मोहन जोशींनी केला, आणि मग सिनेमात अनासपुरेंनी.

संध्याकाळी ओट्यावर बसून आबांना विचारलं, "आबा, गाढवाचं लग्न सिनेमा कसा वाटला तुम्हाला?"

"त्यात काय हाय?" आबांनी हात झटकला. "गडी बरा हाय त्यो. पर दादूची सर न्हाई."

घ्या! कोथरूड आणि शिरूर कासार यांचं एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. फक्त कोथरूडच्या मते मोहन जोशींची सर नाही आणि आबांच्या मते दादूची. मोहन जोशींचं नाटक आबांना दाखवलं असतं तर त्यालाही ते हेच म्हणाले असते, यावर मी पैज लावायला तयार आहे. म्हणजे 'मूळ' कलाकृती कुठली, याचं बरंचसं उत्तर आपण पहिल्यांदा कधी आणि कुणाबरोबर पाहिलं यात असतं.

पण आबांनी पुढे जे सांगितलं ते नुसतं आठवणीत रमणं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात आबा पुण्याला गेले होते, भवानी पेठेत हमाली करायला. तिथे असताना त्यांनी दादूंचं 'गाढवाचं लग्न' तीनदा पाहिलं. "तीनदा बघितलं अन् तिन्ही खेपंला येगळं. पहिल्या खेपंला जिथं हसून पोट दुखलं, ती जागाच दुसऱ्या खेपंला न्हवती. तिथं दुसरंच कायतरी. आता तुझ्या सीडीत कवाबी बघ, त्येच त्ये."

मला वाटतं, सिनेमावरचा सगळ्यात नेमका आक्षेप हाच आहे, आणि तो कुठल्या समीक्षकाने नाही, एका निवृत्त हमालाने घेतलाय. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. बतावणी म्हणजे हजरजबाबी थट्टामस्करी, आणि तिची सवय वगातही सुटत नाही. सोंगाड्याला गोष्टीचा सांगाडा ठाऊक असतो. मधलं मांस तो त्या दिवशीच्या पब्लिककडून घेतो: गावाचं नाव, सरपंच, पडलेला किंवा न पडलेला पाऊस, पुढच्या रांगेत झोपलेला म्हातारा. आमच्या भाषेत सांगायचं तर वग म्हणजे रोज रात्री नवं डिप्लॉयमेंट, आणि तेही युजरसमोर. सिनेमा म्हणजे एकदा सीडीवर बर्न केलेलं व्हर्जन. त्यात पॅच मारता येत नाही.

दादा कोंडक्यांनी हे ओळखलं असावं. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'चे (१९६५) त्यांनी शेकड्यांनी प्रयोग केले. रोजच्या राजकारणावर टिपण्या करत तो वग ताजा ठेवणं ही त्यांची ओळखच होती. पण पडद्यावर हिरो म्हणून उभं राहायची वेळ आली तेव्हा 'विच्छा'वर कॅमेरा लावला नाही. सबनीसांनीच नवी गोष्ट लिहिली, 'सोंगाड्या' (१९७१). तमाशाच्या नादाला लागलेल्या भोळ्या माणसाचा सिनेमा. वग वगाच्या जागी राहिला.

दुसरी अडचण गाढवाची. शेक्सपियरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये बॉटम नावाच्या विणकराला गाढवाचं डोकं येतं आणि पऱ्यांची राणी त्याच्या प्रेमात पडते. चारशे वर्षं रंगमंचावर त्याला दोन लांब कान चिकटवले तरी पुरतं, बाकीचं गाढव लोक मनात बनवतात. तेच १९३५ साली जेम्स कॅग्नीला आणि १९९९ मध्ये केविन क्लाइनला घेऊन पडद्यावर आणलं, तेव्हा मेकअपवाल्यांना विचार करावा लागला की कान किती लांब आणि केस किती दाट. वगाचंही तसंच आहे. वगात इंद्राचा दरबार म्हणजे "हा इंद्राचा दरबार" असं म्हणणारा एक माणूस. झालं. कॅमेऱ्याला खांब लागतात, मुकुट लागतात, आणि ते एकदा दिसले की ते पुठ्ठ्याचे आहेत हेही दिसतं. वगात जी गंमत असते तीच पडद्यावर खोट वाटते.

म्हणजे कोथरूड बरोबर, आबा बरोबर, लेख संपला? मलाही तसंच वाटत होतं. पण तेवढ्यात आज्जी भाकरीचं पीठ लागलेले हात घेऊन दारात आली.

"कामून सर न्हाई?" ती म्हणाली. "मला तर लई आवडला."

"तू दादूला कुठं बघितलंय?" आबा.

"कशी बघणार? तुम्ही नेलं व्हतं का?"

आबा गप्प. आज्जी माझ्याकडे वळली. "त्या साली हे पुण्याला व्हते. मी हितं तुझ्या बापाला झाडाखाली निजवून दुष्काळी कामावर खडी फोडत व्हते. सुकडी खाऊन दिवस काढलं. अन् हे तिकडं गाढवाचं लगीन बघत व्हते. तीनदा!"

आज्जी हसत हसतच बोलत होती, पण पन्नास वर्षांत हा हिशेब तिने मिटवला नव्हता हे मला कळलं. आबांनाही कळलं असणार. ते म्हणाले, "तुला कसं नेणार व्हतो? तमाशा त्यो. लोक काय म्हनली असती?"

"शिनेमाला काय म्हनली? कायबी न्हाई म्हनली. बसले की मी मांडी घालून, सगळ्या सीड्या संपस्तोर."

मला तो २००८ चा गणपती आठवला. मी पाचवीत होतो. तेव्हा लोडशेडिंग इतकं होतं की लाईट गेली की नाही यापेक्षा आली की नाही हे लोक विचारायचे. मंडळाच्या पोरांनी टीव्ही आणि सीडी प्लेअर भाड्याने आणला होता आणि सगळं गाव लाईटची वाट बघत बसलेलं. रात्री साडेदहाला लाईट आली तेव्हा टाळ्या पडल्या. सीडी अडकली की एक पोरगं ती शर्टाला पुसून परत घालायचं. पुरुष रस्त्यावर, पोरं पुढे आणि बायका देवळाच्या ओट्यावर. आज्जी तिथे होती. मी तेव्हा टीव्हीकडे बघत होतो, आज्जीकडे नाही. तिच्यासाठी ते पहिलंच 'गाढवाचं लग्न' आहे हे मला माहीत असायचं कारणच नव्हतं.

आता जरा कोथरूडच्या मित्राला उद्देशून. (तो हे वाचतो, आणि वाचल्यावर सोमवारी चहाच्या टपरीवर बदला घेतो.) तुझं आणि आबांचं म्हणणं खरं आहे. पण "नाटकाची सर नाही" हे म्हणायला आधी नाटक बघायला मिळावं लागतं. तमाशाचे कलावंत बहुतेक दलित आणि भटक्या जातींमधले, बघणारे पुरुष, आणि 'चांगल्या घरच्या' बायकांना फडाकडे फिरकायची बंदी. साठच्या दशकात शहरात या सगळ्याचं 'लोकनाट्य' झालं, त्याला नाट्यगृह मिळालं, खुर्च्या मिळाल्या, आणि मग शहरातल्या बायका-मुलं ते बघू लागली. तेव्हा तुझ्या आज्जीला तिकीट काढता आलं असतं. माझ्या आज्जीला नाही. आमच्या लहानपणीसुद्धा बरं नाटक बघायचं तर बीड किंवा नगर गाठावं लागायचं, आणि रात्रीच्या प्रयोगानंतर परत येणार कशाने? तिच्यापर्यंत हे 'लग्न' एकाच वाटेने येऊ शकत होतं: कुणीतरी त्याचा सिनेमा करायचा, कुणीतरी त्याची सीडी काढायची आणि महावितरणने कृपा करायची.

म्हणून रूपांतर कसं झालं हे विचारताना नुसतं "मुळातलं किती उरलं?" एवढंच विचारून भागत नाही असं मला वाटतं. "जिथे मूळ पोचलंच नव्हतं, तिथे काय पोचलं?" हेही विचारायला हवं. पहिल्या प्रश्नात सिनेमाला कमी मार्क पडतात. दुसऱ्या प्रश्नाचा पेपर तपासायला कुणी बसतच नाही, कारण ते मार्क देणारी माणसं दुपारी खुरपायला गेलेली असतात.

आणि काय पोचलं? मला वाटलं होतं आज्जी अनासपुरेंबद्दल बोलेल. वाक्य टाकायचं आणि आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करायचा, हे त्यांना झकास जमतं, आणि तेही आमच्या बोलीत. पण आज्जीचं लक्ष गंगीवर होतं. (सिनेमात राजश्री लांडगे.)

"गंगीचं बरं व्हतं," आज्जी म्हणाली. "नवऱ्याला तोंडावर बोलायची. चारचौघांत. अन् लोक हसायची. आम्ही बोललो असतो तर हसली असती व्हय?"

मला आमच्या टीममधली मैत्रीण आठवली. तिला त्याच भांडणात विनोद दिसला नव्हता. तिचंही चूक नाही. ती अशा घरात वाढली जिथे बाई उलट बोलू शकते, त्यामुळे तिला दिसलं ते फक्त एकमेकांना घालून पाडून बोलणं. आज्जीला दिसलं ते उलट बोलणं, कारण तिला तेच मिळालं नव्हतं. एकच सीन, एकच संवाद. मी काल रात्री तो भाग पुन्हा लावला आणि एकदा मैत्रिणीच्या नजरेने, एकदा आज्जीच्या नजरेने बघायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तो वेगळा वाटला. आबा म्हणाले होते की सीडीत कधीही बघ, तेच ते. इथे मात्र मला आबांशी थोडं भांडायचंय. पडद्यावरचं बदलत नाही हे खरं, पण ओट्यावर कोण बसलंय ते बदलतं.

याचा अर्थ रूपांतर करणाऱ्यांना सगळं माफ, असा नाही. "खेड्यातल्या लोकांना चालतं" म्हणून गाणी घुसडायची, विनोद ताणायचा, कॅमेरा एका जागी रोवून कलाकारांना ओरडायला लावायचं, हा त्या प्रेक्षकाचा अपमान आहे. हा सिनेमाही मधेमधे ताणलेला आहेच. आज्जी तेव्हा ओट्यावर डुलकी काढत होती, असं शेजारची काकू आजही सांगते. पण ज्यांनी मूळ पाहिलंय त्यांच्याकडेही मला एक मागायचंय. "सर नाही" म्हणून हात झटकू नका. काय होतं ते सांगा. सावळा कसा उभा राहायचा, गंगी पदर कुठे खोचायची, लोक कुठे हसायचे. ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि हा बॅकअप दुसरीकडे कुठेही नाही.

हे बोलायला सोपं होतं म्हणून रविवारी सकाळी स्वतःच करून पाहिलं. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून आबांसमोर ठेवला आणि म्हटलं, "आबा, दादूंचा सावळा करून दाखवा." आधी नको नको झालं. मग हळूहळू रंगात आले, उभेच राहिले. माझ्या जन्मात मी आबांना असं पाहिलेलं नाही. घरात ते मोजून दहा वाक्यं बोलणारा माणूस. गड्यांमध्ये शेतात ते हे करून दाखवायचे म्हणे. घरात कधी केलं नाही.

पाच-सात मिनिटांनी अडखळले. सावळ्याचं सगळं तोंडपाठ, पण गंगीचं उत्तर काही केल्या आठवेना. "तिथं ती कायतरी म्हनती... काय म्हनती बरं..."

आणि आतून, चुलीजवळून, आज्जीने उत्तर दिलं. सीडीतलं.

आबा क्षणभर थांबले. मला वाटलं, म्हणतील "तसं न्हवतं ते." पण त्यांनी ते घेतलं आणि पुढचं वाक्य टाकलं. आज्जीने आतून पुन्हा उत्तर दिलं. असं चाळीसेक मिनिटं चाललं. भाकरी करपली, रेकॉर्डिंगमध्ये कोंबड्या ओरडतायत, मधेच दूधवाला येऊन गेलाय. त्यातलं किती १९७२ चं, किती सिनेमातलं आणि किती दोघांनी तिथल्या तिथे रचलेलं, हे मला तरी वेगळं काढता येणार नाही. काढायचंही नाही.

असो. एसटीची वेळ झाली म्हणून निघालो. आज्जीने भाकरी बांधून दिली. करपलेल्या आबांना.

ता. क. : कोथरूडच्या मित्राला रेकॉर्डिंग ऐकवलं. शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "सिनेमापेक्षा भारी आहे." मग थोडं थांबून, "पण नाटकाची..." पुढचं मी ऐकून घेतलं नाही :-)